बंपरचा सुटलेला कोपरा आणि त्यामागचा ब्रॅकेट

मोटारीच्या बंपरचा कोपरा चाकावरच्या पत्र्यापासून बोटभर सुटून लोंबू लागला, की बंपरच मोडला असे मालकाला वाटते आणि नवा बंपर, त्याचे रंगकाम व मजुरी असा मोठा हिशेब त्याच्यासमोर उभा राहतो. प्रत्यक्षात अशा वेळी बंपर पुष्कळदा धडधाकट असतो. मोडलेला असतो तो त्याच्या आड दडलेला, वीतभर लांबीचा प्लास्टिकचा एक तुकडा, ज्याला गॅरेजमध्ये साइड ब्रॅकेट म्हणतात. हा तुकडा बंपरच्या मानाने अतिशय स्वस्त असतो, तो बहुतेक गाड्यांमध्ये डाव्या आणि उजव्या बाजूसाठी वेगळा मिळतो आणि स्क्रू-ड्रायव्हर व दहा नंबरचा पाना एवढ्या हत्यारांवर घराच्या अंगणात किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये बदलता येतो. मात्र काम सोपे असले तरी ते बिघडवणेही तितकेच सोपे आहे, कारण तुटलेली वस्तू पूर्वीपेक्षा मजबूत करून बसवावी ही स्वाभाविक वाटणारी ओढ नेमकी याच ठिकाणी चुकीची ठरते. ती का, हे कळण्यासाठी आजचा बंपर गाडीवर कसा टांगलेला असतो हे आधी पाहावे लागते.

कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी किंवा तिच्या काळातील अँबेसेडर यांचे बंपर म्हणजे क्रोमचा मुलामा दिलेल्या पोलादी पट्ट्या होत्या आणि त्या जाड लोखंडी हातांनी गाडीच्या सांगाड्याला बोल्टने आवळलेल्या असत. तिथे सैल होण्यासारखे काही असलेच तर तो बोल्ट, आणि तो पुन्हा आवळला की काम संपे. १९७२ साली आलेल्या रेनो ५ या फ्रेंच गाडीने प्लास्टिकचा बंपर सामान्य ग्राहकापर्यंत नेला. त्याच सुमारास अमेरिकेने १९७३ च्या मॉडेलांपासून ताशी ५ मैल वेगाच्या समोरच्या धडकेत दिवे, इंधनव्यवस्था यांसारख्या भागांना इजा होता कामा नये असा नियम लागू केला आणि पुढे १९८२ मध्ये ती मर्यादा ताशी अडीच मैलांवर आणली. युरोपीय नियमातील धडकेचा वेगही ताशी ४ किलोमीटर, म्हणजे जवळपास तेवढाच आहे. हे आकडे लक्षात घेतले तर बंपरविषयीचा एक मोठा गैरसमज दूर होतो: बाहेरून दिसणारा रंगीत बंपर मोठ्या अपघातात माणसे वाचवण्यासाठी नसून पार्किंगच्या वेगातील धक्क्यांपासून गाडीचे महागडे भाग वाचवण्यासाठी आणि हवा नीट वळवण्यासाठी असतो.

आजच्या बंपरचे तीन थर असतात. सर्वांत आत, सांगाड्याच्या टोकांना जोडलेला पोलादाचा किंवा ॲल्युमिनियमचा आडवा दांडा असतो, जो खऱ्या धडकेचा भार घेतो; त्याच्यापुढे अनेक गाड्यांमध्ये धक्का शोषणारा फोमचा पट्टा असतो; आणि या दोहोंवर चढवलेले प्लास्टिकचे कवच म्हणजे व्यवहारात ज्याला आपण बंपर म्हणतो ती वस्तू. हे कवच जेमतेम ३ मिलिमीटर जाडीचे असते. वरच्या कडेला, रेडिएटरच्या जाळीजवळ, ते प्लास्टिकच्या क्लिपांनी अडकवलेले असते, खालच्या कडेला इंजिनाखालच्या संरक्षक पत्र्याला किंवा प्लास्टिकला क्लिपा व स्क्रूंनी जोडलेले असते, आणि दोन्ही कोपऱ्यांवर, जिथे ते चाकावरच्या पत्र्याला म्हणजे फेंडरला भिडते, तिथे साइड ब्रॅकेट असतो. ब्रॅकेट दोन-तीन स्क्रूंनी फेंडरच्या आतल्या बाजूला पक्का केलेला असतो आणि त्याच्या कडेवर खाचांची रांग असते. बंपरच्या कडेवर तितक्याच छोट्या जिभा असतात, ज्यांना मेकॅनिक ‘लॉक’ म्हणतात, आणि त्या खाचांत टकटक बसल्या की बंपर व फेंडर यांच्यातील फट एकसारखी दिसते. याशिवाय चाकाच्या कमानीत, बंपर आणि फेंडर जिथे एकत्र येतात त्या टोकाला, खालून वर जाणारा एक स्क्रू बहुधा असतो, आणि कमानीतील काळे प्लास्टिकचे अस्तरही तिथेच अडकवलेले असते.

या साऱ्या रचनेत कुठेही बंपर घट्ट आवळलेला नाही, हे नजरेत भरते, आणि ते हेतुपूर्वक केलेले आहे. तापमान वाढले की प्लास्टिक पोलादाच्या कितीतरी पट अधिक पसरते. साधारण १.७ मीटर रुंदीचा बंपर पहाटेच्या गारव्यातून विदर्भातल्या दुपारच्या उन्हात आला आणि त्याचे तापमान ४० अंशांनी चढले, तर त्याची लांबी चार-पाच मिलिमीटरने वाढते, तर तेवढ्याच लांबीचा पोलादी पत्रा एक मिलिमीटरही वाढत नाही. हा फरक कुठेतरी सामावून घेतला नाही तर बंपर फुगेल, त्याच्या कडा वाकतील किंवा स्क्रूच्या भोकापासून त्याला चीर जाईल. म्हणून बंपरवरची भोके गोल न ठेवता लांबट ठेवतात आणि लॉक खाचांत थोडे सरकतील असे बसवतात. दुसरे कारण त्याहून महत्त्वाचे आहे. कोपऱ्याला धक्का बसला तर आधी स्वस्त ब्रॅकेट निखळावा किंवा तुटावा आणि महागडा बंपर व त्याहून महागडा फेंडर वाचावा, अशी शक्तीची चढती पायरी रचनाकाराने ठरवलेली असते. घरातल्या फ्यूजच्या तारेचे जे काम, तेच या ब्रॅकेटचे. आणि फ्यूजच्या जागी जाड तार घालणाऱ्या माणसाला जो धोका पत्करावा लागतो, तोच ब्रॅकेटऐवजी लोखंडी पट्टी व नट-बोल्ट घालून बंपर ‘कायमचा’ पक्का करणाऱ्याला पत्करावा लागतो. पुढच्या हलक्याशा धक्क्यात पट्टी हलत नाही, पण फेंडरचा पत्रा ओढला जाऊन चुणतो आणि मग डेंटिंग-पेंटिंगवाचून गत्यंतर उरत नाही.

ब्रॅकेट तुटण्याची कारणे रोजच्या वापरातलीच असतात. पार्किंगमधल्या सिमेंटच्या अडसरावर किंवा पदपथाच्या कडेवर गाडीचे नाक चढते आणि गाडी मागे घेताना बंपरची खालची कड तिथे अडकते. धक्का आत ढकलणारा असला तर लॉक तग धरतात, पण ही ओढ बाहेरच्या दिशेने असते आणि लॉक त्यासाठी घडवलेलेच नसतात. तळघरातील पार्किंगच्या उतारावर आणि उंच गतिरोधकावर असेच घडते. दाटीवाटीच्या रस्त्यावर दुचाकीचे हँडल किंवा पायटा कोपऱ्यात अडकतो. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून गाडी वेगाने नेली, तर पाण्याचा दाब बंपरला आणि खालच्या पत्र्याला मागे-वर ढकलतो आणि खालच्या क्लिपा उडून जातात. यांखेरीज एक कारण मालकाच्या नकळत घडते: दिव्याचा बल्ब बदलताना किंवा रंगकामासाठी बंपर उतरवला जातो, जुन्या क्लिपा तुटतात आणि बसवताना दहाऐवजी सहाच क्लिपांवर भागवले जाते, म्हणजे उरलेला सगळा भार कोपऱ्यांवर येतो आणि काही महिन्यांच्या थरथरीने तिथले लॉक झिजतात. त्यामुळे सैल कोपऱ्याची दुरुस्ती म्हणजे केवळ कोपऱ्याची दुरुस्ती नव्हे. वरच्या आणि खालच्या कडेवरील प्रत्येक क्लिप जागेवर आहे की नाही हे मोजून पाहणे हा तिचाच भाग होय.

हत्यार हाती घेण्यापूर्वी पाहणी करावी. गाडी सपाट जागी लावून, हँडब्रेक ओढून, चाकाच्या कमानीतील चिखल पाण्याने धुऊन काढावा, म्हणजे स्क्रू दिसतील आणि खडे रंगावर घासणार नाहीत. मग बंपरचा कोपरा तळहाताने फेंडरकडे दाबून पाहावा. तो टकटक आवाज करत बसला आणि हात काढल्यावरही टिकला, तर लॉक केवळ निसटले होते आणि दुरुस्ती तिथेच संपली. बसून लगेच बाहेर आला, तर लॉक किंवा खाचा तुटल्या आहेत. आणि कोपऱ्यासोबत ब्रॅकेटही हलताना दिसला, तर ब्रॅकेटचे स्क्रू ढिले झाले आहेत किंवा फेंडरवरचे त्यांचे भोक फाटले आहे. याच पाहणीत घरगुती कामाची मर्यादाही ठरवून घ्यावी. आतला आडवा दांडा वाकलेला असेल, बॉनेट व फेंडर यांच्यातील फट दोन्ही बाजूंना वेगवेगळी झाली असेल, रेडिएटर मागे सरकला असेल किंवा डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागला असेल, तर गाडी थेट वर्कशॉपमध्ये न्यावी. समोरच्या वाहनाचे अंतर मोजणारे रडार बंपरमागे असलेल्या नव्या गाड्यांनाही हेच लागू आहे, कारण बंपर किंवा रडारचा आधार हलला तर त्याची दिशा यंत्राने पुन्हा जुळवून घ्यावी लागू शकते. पिवळ्या आवरणाच्या तारा आणि जोडण्या सहसा एअरबॅगच्या असतात. त्यांना हात लावू नये.

प्रत्यक्ष कामात जॅक लावण्याची बहुधा गरज पडत नाही. पुढच्या बंपरसाठी स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवले की चाक कमानीतून बाजूला होते आणि अस्तराचे स्क्रू समोर येतात. तरीही चाक काढावेच लागले, तर गाडी जॅकवर नव्हे तर भक्कम स्टँडवर टेकवावी आणि केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नये. बहुतेक गाड्यांत इथे चौफुलीचे स्क्रू आणि दहा नंबरचे बोल्ट असतात. फोक्सवॅगन व स्कोडाच्या गाड्यांमध्ये ताऱ्याच्या आकाराच्या खाचेचे स्क्रू असतात आणि त्यांना त्याच आकाराचे टोक लागते, चौफुलीचा स्क्रू-ड्रायव्हर चालवून पाहिल्यास खाच गोल होऊन बसते. क्लिपा दोन तुकड्यांच्या असतात: बाहेर फाकणारे पाय आणि त्यांच्या मधोमध खिळी. चपट्या टोकाने आधी खिळी वर उचलावी, मग पाय आपोआप मिटतात आणि क्लिप हाताने निघते; काही क्लिपांत उलट खिळी किंचित आत दाबावी लागते. खिळी न उचलता पक्कडीने ओढलेली क्लिप तुटतेच, आणि एवढी खबरदारी घेऊनही एखादी तुटणार हे धरून योग्य मापाच्या पाच-सहा क्लिपा आधीच आणून ठेवाव्यात.

अस्तर सैल झाल्यावर ते आत वाकवून खालून वर गेलेला स्क्रू काढावा. फेंडरच्या कडेवर रंगाच्या रक्षणासाठी मास्किंग टेप चिकटवावी आणि मग बंपरची कड चाकाच्या बाजूने धरून बाहेर, स्वतःकडे, हळूहळू ओढावी. लॉक एकेक करून सुटतात. सकाळच्या थंडीत घाई न करता गाडी थोडी उन्हात तापू दिली, तर जुने झालेले प्लास्टिक अधिक वाकते आणि लॉक तुटण्याची शक्यता कमी होते. पूर्ण बंपर उतरवण्याची आवश्यकता नसते, एक कोपरा वीतभर सुटला तरी ब्रॅकेटपर्यंत हात जातो; पण सुटलेला कोपरा तसाच लोंबत ठेवल्यास दुसऱ्या कोपऱ्याचे लॉक ओढले जातात, म्हणून त्याखाली स्टूल आणि त्यावर घडी केलेली चादर ठेवावी. फॉग लॅम्पची किंवा सेन्सरची तार ताणली जात असेल तर तिची जोडणी आधी सोडवावी.

तुटलेला ब्रॅकेट चिकटवण्यापेक्षा बदलावा हेच योग्य. गाडीच्या १७ अक्षर-अंकी चॅसी क्रमांकावरून अधिकृत विक्रेता नेमका भाग शोधून देतो, आणि पुण्याच्या नाना पेठेतील सुट्या भागांच्या दुकानांत चालू मॉडेलांचे ब्रॅकेट सहज मिळतात. बंद झालेल्या मॉडेलांसाठी कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारासारखी ठिकाणे उपयोगी पडतात. ब्रॅकेटऐवजी बंपरचेच लॉक तुटले असतील तर मात्र चिकटवण्याचा किंवा वेल्डिंगचा विचार करावा लागतो, आणि इथे घरगुती दुरुस्ती सर्वाधिक फसते.

त्याचे कारण बंपरच्या रसायनात आहे. बंपरच्या आतल्या बाजूला, दोन कोनांच्या चिन्हांमध्ये, प्लास्टिकच्या जातीचे संकेत कोरलेले असतात आणि बहुसंख्य बंपरवर ‘पीपी’ व ‘ईपीडीएम’ ही अक्षरे आढळतात. पीपी म्हणजे पॉलिप्रोपिलीन, ज्याचा उपयुक्त, घट्ट रचनेचा प्रकार इटलीच्या जुलिओ नात्ता यांनी १९५४ मध्ये तयार केला आणि ज्या संशोधनासाठी त्यांना १९६३ चे नोबेल पारितोषिक कार्ल त्सीग्लर यांच्यासोबत मिळाले; ईपीडीएम हे त्यात लवचिकतेसाठी मिसळलेले रबर; आणि पुढे ‘टी’ या अक्षरासह आकडा असला तर तो भर म्हणून घातलेल्या शंखजिऱ्याची, म्हणजे टाल्कची, टक्केवारी सांगतो. पॉलिप्रोपिलीनचा रेणू केवळ कार्बन आणि हायड्रोजनचा असतो, त्यावर विद्युतभाराचा असमतोल जवळपास नसतो, म्हणून इतर पदार्थांचे रेणू त्याला धरून ठेवू शकत नाहीत. त्याच्या पृष्ठभागावर पाणी पसरत नाही, थेंब होऊन राहते, आणि गोंदाचेही तेच होते. म्हणूनच एम-सील, फेविक्विक किंवा दोन नळ्यांचे एपॉक्सी त्यावर वाळून कडक होते, पक्के झाल्यासारखे दिसते आणि पहिल्या खड्ड्यात संपूर्ण खपलीच्या खपली निघून येते. चिकटवायचेच असेल तर पृष्ठभाग घासून, खास पॉलिप्रोपिलीनसाठीचा प्रायमर लावून, त्यासाठीचाच गोंद वापरावा लागतो. रेडिएटरच्या जाळीसाठी वापरले जाणारे एबीएस हे प्लास्टिक मात्र वेगळे, ते ॲसिटोनमध्ये विरघळते आणि नीट जोडले जाते. पॉलिप्रोपिलीनवर ॲसिटोनचा उपयोग केवळ तेलकटपणा पुसण्यापुरता.

पॉलिप्रोपिलीनसाठी भरवशाचा मार्ग म्हणजे उष्णतेने वितळवून जोडणे. ते १६० ते १६५ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, तर साध्या सोल्डरिंग आयर्नचे टोक त्याच्या दुपटीहून अधिक तापते. म्हणून टोक एका जागी ठेवू नये आणि धूर दिसताच उचलावे, कारण धूर म्हणजे प्लास्टिक वितळत नसून जळत आहे आणि जळलेल्या प्लास्टिकला ताकद नसते. तुटलेल्या जिभेच्या जागी, त्याच जातीच्या भंगार बंपरातून कापलेली पट्टी ठेवून, दोन्हींच्या कडा मागच्या बाजूने एकत्र वितळवाव्यात आणि जोडावर स्टेनलेस स्टीलची बारीक जाळी वितळत्या प्लास्टिकमध्ये दाबून बसवावी. तार तापवून आत रुतवणारे हॉट स्टेपलर नावाचे साधनही मिळते. त्याची तार जाडीच्या दोन-तृतीयांशाहून खोल गेली तर बाहेरच्या रंगावर फोड उठतो. हे काम उघड्या हवेत आणि मास्क लावूनच करावे. ब्रॅकेटवर ‘पीओएम’ अशी अक्षरे असतील तर त्याला उष्णता देऊ नये, कारण ॲसिटल नावाचे हे प्लास्टिक अति तापले की फॉर्मल्डिहाइड हा विषारी वायू सोडते. हात बसलेला नसेल तर सुटलेला बंपर रस्त्याकडेच्या प्लास्टिक वेल्डिंगच्या कारागिराकडे नेण्यात काहीच कमीपणा नाही. पाण्याच्या टाक्यांपासून बंपरपर्यंत रोज जोडकाम करणाऱ्या या कारागिरांचे कसब मोठे आहे आणि त्याची कदर व्हायला हवी.

वाटेत कोपरा सुटला तर काळा केबल टाय ही तात्पुरती सोय उत्तम, मात्र भोक पाडण्यापूर्वी मागे तार किंवा दिवा नाही याची खात्री करून घ्यावी आणि टाय अगदी करकचून न ओढता किंचित सैल ठेवावा.

नवा ब्रॅकेट बसवताना फेंडरच्या पत्र्यातील भोक तपासावे. अनेक गाड्यांत पत्र्यावर स्प्रिंगसारखी लोखंडी चाप-नट चढवलेली असते आणि ती गंजून निसटली की स्क्रू फिरतच राहतो. तिथे मोठा स्क्रू ठोकण्यापेक्षा नवी चाप-नट घालावी. कोकण आणि गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत उघडा पडलेला पत्रा एका पावसाळ्यात गंज धरतो, म्हणून भोकाच्या कडा घासून त्यावर जस्तयुक्त प्रायमरचा हात द्यावा. प्लास्टिकमध्ये जाणारा स्क्रू बसवताना तो आधी उलट्या दिशेने हलकेच फिरवावा; जुन्या आट्यात तो टप्‌कन बसल्याचे बोटांना जाणवते आणि मग सुलट फिरवला की नवे आटे न कापता जुन्यांतूनच जातो. आधी सर्व स्क्रू केवळ हाताने लावावेत, बंपरचे लॉक वरून खाली क्रमाने तळहाताच्या दाबाने बसवावेत, फट दुसऱ्या बाजूच्या फटीशी ताडून पाहावी आणि मगच स्क्रू आवळावेत, तेही डोके टेकल्यावर किंचितच.

या खटाटोपाला आर्थिक बाजूही आहे. भारतातील वाहन विम्यात प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा धरला जातो, शून्य घसाऱ्याची जोडयोजना नसेल तर निम्मी रक्कम मालकाच्याच खिशातून जाते, शिवाय दावा केला की २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत चढत जाणारा नो-क्लेम बोनस गमवावा लागतो. ब्रॅकेटसारख्या किरकोळ भागासाठी दावा करणे म्हणूनच तोट्याचे. बंपर वाचावा म्हणून पुढे लोखंडी गार्ड बसवणे हा तर उपायच नव्हे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ चा आधार देऊन असे गार्ड बेकायदा असल्याचे राज्यांना कळवले, आणि ते रास्तच होते, कारण कडक गार्ड पादचाऱ्याला अधिक इजा करतो आणि धक्क्याचा भार आतल्या दांड्याऐवजी सरळ सांगाड्यावर नेतो.

मागच्या बंपरची दुरुस्ती याच रीतीने होते, फक्त तिथे मागे घेताना अडथळा दाखवणारे सेन्सर असतात. १ जुलै २०१९ पासून बनलेल्या प्रवासी मोटारींना ते बंधनकारक आहेत. हे सेन्सर ध्वनिलहरी सोडून त्यांचा परतणारा नाद टिपतात, त्यामुळे कोपरा थोडा खाली झुकला तरी त्यांची नजर जमिनीवर पडते. काम झाल्यावर गाडी सुरू करून, हँडब्रेक ओढलेला ठेवून आणि ब्रेकवर पाय दाबून रिव्हर्स गिअर टाकावा, आणि दुसऱ्या व्यक्तीने बाजूला उभे राहून प्रत्येक सेन्सरसमोर क्रमाने एखादी बादली धरावी. बादली आल्यावर सूचना मिळाली आणि काढल्यावर थांबली तर काम जमले. मागे काहीही नसताना सूचना चालूच राहिली, तर तो कोपरा अजून खाली बसला आहे आणि चाकाच्या कमानीतील स्क्रू ढिला करून बंपर किंचित वर उचलून पुन्हा आवळावा लागेल.